टोपीवरचा युरोप

निजामाच्या राजवटीचं ते शेवटचं वर्ष. गावागावांत दंगे पेटले होते. येडशीला जो तो बोचकी घेऊन बार्शीच्या गाडीत घुसत होता, कारण बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर. आणि माझ्या नशिबी समोरच्या बाकावर आले हे प्राध्यापक!

हैदराबादेत कॉलेजात शिकवायचे. युरोपात पिढ्यानपिढ्या शेजारी राहिलेल्या जमाती एकमेकींच्या जिवावर का उठतात, यात त्यांनी अर्धं आयुष्य घातलेलं. काळी टोपी गुडघ्यावर ठेवायची, तिच्यावर बोटानं सरहद्द आखायची, आणि मी खिडकीकडं पाहिलं की माझा गुडघा दाबून म्हणायचं, "इकडं लक्ष द्या." माझी बायको पोराला कडेवर घेऊन डब्याच्या दारात उभी, आणि मी ऐकतोय, कुठल्या डोंगरापलीकडं कुणी कुणाला हाकललं!

"अहो, पण आपल्याकडं?" मी वैतागून विचारलं.

"तो वेगळा विषय," म्हणाले, आणि बोट पुन्हा टोपीवर.

शेजारी त्यांची म्हातारी आई होती. तिला न्यायलाच ते गावी आले होते. हद्दीवरचा नाका मागं पडला तशी तिनं त्यांची बाही ओढली.

"आरं, म्या दुधाला इरजण लावून आलेय. उद्या सांजच्याला तरी परत जाऊ न्हवं?"

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

"आई, त्याचा माझा अभ्यास न्हाय."

मग बार्शीपर्यंत ते गप्प. आणि इतका वेळ वैतागलेल्या मला वाटायला लागलं, बोला हो काहीतरी, युरोपचं का होईना.