सोनईला जाणारं खत

आमच्या गल्लीच्या टोकाला, आडाच्या पलीकडं, माझ्या बायकोनं एक खड्डा केला होता. खणला मी, पण खड्डा तिचा. ती सोनईची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न होऊन नगरात आली तेव्हा आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, समोर फरशीचा बोळ. मातीला हात लावायला जागा नाही. शेजारणी भाजीची देठं, कांद्याची टरफलं, चुलीतली राख सरळ बोळात फेकायच्या. ते पाहून हिचा जीव खालीवर व्हायचा. "एवढं सोनं पायदळी तुडवत्यात," म्हणायची. मी तांब्याच्या भांड्यांवर ठोके घालणारा माणूस, मला कचरा म्हणजे कचरा. पण तिनं हट्ट धरला. घरात हट्टी असायचं ते मीच, असा माझा समज होता. तो तिनं पहिल्याच वर्षी मोडला.

खड्ड्यात ओला पाला, त्यावर राख, त्यावर शेण, मग दोन पाट्या माती, असे थर ती लावायची. समोरच्या घरातल्या चाची रोज टोपली घेऊन यायच्या. त्यांच्या मालकाची फळांची हातगाडी होती, त्यामुळं सडकी केळी, कलिंगडाच्या साली यांना तोटा नव्हता. दिवाळीला बायकोनं त्या खड्ड्यापाशीही पणती ठेवली, तेव्हा चाची हसल्या.

"कचऱ्याला पन दिवा लावतीस का गं?"

"मग? वर्सभर आपलं उष्टं खातंय ते. त्याला नको व्हय सण?"

मी तिसरी नापास. पण हे उत्तर शिकलेल्यालाही सुचलं नसतं, असं मला तेव्हाही वाटलं.

खड्ड्याचं खरं कारण मात्र वेगळं होतं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, मी ते ओळखून होतो. तिचे आईबाप गेलेले. मागं एक धाकटा भाऊ, तोही लाजाळू, चार शब्द बोलायचे तर घाम फुटायचा. माझी आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं हिला माहेरी जायची सोय नव्हती. आणि काम असल्याशिवाय बहिणीच्या दारात जाऊन बसायचं, हे त्या गड्याला जमणारं नव्हतं. चैत्रात तो कांद्याची गाडी घेऊन नगरच्या बाजारात यायचा. माल उतरला की परतीला गाडी रिकामीच. मग गाडी आमच्या गल्लीत आणायची, खड्डा उपसायचा, काळंभोर खत भरायचं आणि सोनईला न्यायचं. येताना बहिणीला हरभरा, बाजरी, कधी गूळ. जाताना खत. त्या निमित्तानं एक दिवस भाऊ तिच्या चुलीपाशी जेवायचा. त्या एका दिवसासाठी ती वर्षभर टरफलं गोळा करायची.

पासष्ट सालच्या लढाईच्या आसपासची वर्षं होती. गल्लीत एक खादीवाले गुरुजी राहायला आले. त्यांनी रविवारी सकाळी गल्ली झाडायचा परिपाठ सुरू केला. आधी लोक खिडकीतून बघत राहिले, मग एकेक खराटा बाहेर निघाला. मीही गेलो. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मी कधी काही केलं नाही, पण शेजारी झाडतोय आणि आपण बसलोय, हे मला सोसेना. दर रविवारी बोळाच्या तोंडाशी पाल्यापाचोळ्याचा ढीग लागायचा. मग नगरपालिकेची गाडी यायची आणि तो वेशीबाहेर न्यायची.

एका उन्हाळ्यात पलीकडच्या पेठेत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. गुरुजींनी आडाकडं बोट केलं. म्हणाले, "पाण्याला लागून खड्डा नको. बुजवावा लागेल."

मी पुढं झालो. "गुरुजी, खड्ड्याला वास येतोय का? या, हुंगून बघा."

"वासाचं नाही म्हणत मी. झिरपायचं म्हणतोय."

"आजवर कोन मेलं त्यानं?"

"मरायची वाट बघायची का?"

मी खराटा खाली टाकला आणि छाती काढून उभा राहिलो. तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, "बुजवा." डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, "चाचींची नातवंडं त्याच आडाचं पानी पित्यात. बुजवा तुमी." आणि पहिली पाटी माती तिनंच टाकली. खरं गुरुजींचंच होतं. मला ते पटलंही होतं, पण पटलं म्हणून लगेच मान डोलवायची हा माझा स्वभाव नाही.

घरात आल्यावर तिनं भाकरी थापायला घेतली. मग तव्याकडं बघतच म्हणाली, "आता भाऊ कशाला येईल?"

मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

पुढच्या चैत्रात एका रविवारी सकाळी गाडीच्या चाकांचा आवाज आला. तिच्या भावाला खड्ड्याचं कुणी कळवलं नव्हतं. तो सरळ आडाकडं गेला, खांद्यावर फावडं, आणि सपाट झालेल्या जागेपाशी थांबला. मग हळूच दारात आला.

"आक्का, खड्डा कुठं गेला?"

"बुजवला."

"मंग मी आलो कशापायी म्हनायचं?"

ती चुलीकडं वळली. मी म्हणालो, "पाव्हनं, आत तर या. खत न्हाई म्हनून भाकरी न्हाई असं कुठंय?"

तो आला, जेवला. पण आज हाताला काम नव्हतं, त्यामुळं बसायचं कसं ते त्याला कळेना. जेवण झालं तसा उठला. दारात हरभऱ्याचं पोतं ठेवलं आणि बैलांना पाणी दाखवलं. बायको उंबऱ्यात उभी. आमच्याकडं शेजारणीचं भांडंसुद्धा रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. आणि इथं भावाची अख्खी गाडी मोकळी चाललेली. भाऊही जू धरून तसाच उभा.

"दाजी," तो मला म्हणाला, "बहिनीच्या दारातनं रिकामी गाडी न्हेऊ व्हय मी?"

समोरून चाचींनी ते ऐकलं. त्या दिवशी झाडलेला ढीग बोळाच्या तोंडाशी तसाच होता, नगरपालिकेची गाडी अजून यायची होती. चाचींनी आपली टोपली उचलली आणि गाडीत उपडी केली. "घे बाबा. आमच्या साली, आमची राख. सोनईत नीऊन कुजव."

मग दुसरं घर आलं, तिसरं आलं. पिंपळाची पानं, उसाची चिपाडं, भाजीचा पाला. शेवटी गुरुजी स्वतः पाटी घेऊन आले. भाऊ त्यांना म्हणाला, "गुरुजी, दर आइतवारी झाडता न्हवं? नीट झाडत जावा. आमच्या वावराला तुमचा कचरा आवडला तर पुढच्या वर्सी मागायला यीन."

सगळी गल्ली हसली. त्या लाजाळू गड्याला एवढं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बायकोही हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतर खड्डा नाही, पण दाराशी एक फुटका रांजण आला. त्यातच ती थर लावायची. गल्लीतल्या इतर घरांनीही रांजण ठेवले. चैत्र आला की चाची विचारायच्या, "आला का गं तुझा कचरेवाला भाऊ?" आणि तो यायचा. खत कमी आणि गप्पा जास्त असं होऊ लागलं. एकदा तर त्यानं मुक्काम केला.

आता ती नाही. तिचा भाऊ तिच्या आधीच गेला. चाचींच्या घराला कुलूप आहे, आड केव्हाच बुजला. सकाळी घंटागाडी येते, ओला वेगळा द्या, सुका वेगळा द्या म्हणते. मला शिकवतात. सुका मी देतो. ओला देत नाही. तो रांजणात घालतो, वर राख, वर माती, तिच्या पद्धतीनं. सून म्हणते, "मामंजी, एवढं खत करून घालायचं कुठं?" मी रांजणात आणखी मूठभर माती टाकतो.

तिच्या भावाचा मुलगा कधीमधी टेम्पो घेऊन नगरात येतो. दारात उभ्याउभ्या पाणी पितो, पिशवीभर काहीतरी ठेवतो आणि घाईनं निघतो. टेम्पो रिकामाच असतो. तो आला की मी रांजणावरचं झाकण काढून बाजूला ठेवतो. न्यायला सांगत मात्र नाही. त्याचं त्याला दिसलं पाहिजे.