हनोक अंकलचा रोल

विशाखाचे डोळे मिटतायत. झोपायची वेळ नाही, शनिवारची दुपार आहे, पण करणार काय बिचारी? चौलच्या या नारळी-पोफळीच्या वाडीत उद्या लग्न, ही लग्नाची फोटोग्राफर, आणि आज कॅमेऱ्याला हात लावायची सोय नाही. नवरीच्या आईनं, दीना आंटींनी, आल्या आल्या बजावलंय, "शब्बाथ आहे गं, विसाव्याचा वार. आकाशात तीन तारे दिसेपर्यंत फोटो नाही." झालं! कॅमेरा बॅगेत गेला, बॅगेला कुलूप लागलं, आणि कालच करून ठेवलेलं माशाचं कालवण भाताबरोबर चापून विशाखा बाजेवर आडवी झाली.

लग्नही कसं, तर एकदम आरामशीर. स्टेज नाही, मखमली खुर्च्या नाहीत, पाहुण्यांना रांगेत उभं करायचं नाही. नवरी अवीवा म्हणते, आम्ही चपला घालून वाडीभर फिरू, फोटो आपोआप मिळतील. मिळतील म्हणे! फोटो म्हणजे काय झाडावरून पडलेले नारळ आहेत?

एक फोटो मात्र आंटींना हवाच आहे. नवरा गाणं म्हणतो आणि ते ऐकत नवरी पांढऱ्या साडीत चालत येते, तो. "तुझ्या गुरूंनी जन्मभर चुकवला," त्या म्हणाल्या, "तू माझ्या मुलीचा तरी चुकवू नकोस."

गुरू म्हणजे हनोक अष्टमकर, आंटींचे यजमान. अलिबागला त्यांचा स्टुडिओ होता. विशाखा नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली राबली. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आसपासच्या निम्म्या इस्राएली, म्हणजे इथल्या ज्यू लोकांच्या, लग्नांचे फोटो त्यांनी काढलेले, पण एकाही अल्बममध्ये नवरी चालत येताना दिसत नाही. नेमका तेव्हाच रोल संपायचा. लोक हसायचे, म्हणायचे, हनोकचा रोल नवरीला घाबरतो. पण विशाखानं एकदा कॅमेऱ्यावरचा काउंटर पाहिला होता. बावीस. छत्तीसचा रोल बावीसला संपतो होय? विचारीन, विचारीन म्हणता राहूनच गेलं.

पोफळी डोलतायत. त्यांच्यामध्ये लाल दिवा लागलाय. दिव्याखाली हनोक अंकल ट्रेमधल्या पाण्यात कागद हलवतायत. वाडीत डार्करूम कुठून आली, हे विचारावंसं तिला वाटत नाही.

"जेवलीस?" ते विचारतात.

"जेवले. अंकल, तुम्ही तर गेलात ना?"

"गेलो की. माझ्या नावाचा मलिदा केला, तेव्हा तू दोनदा मागून घेतलास. पाहिलंय मी."

विशाखाला ओशाळल्यासारखं होतं. "शब्बाथला काम करताय?"

"आता आम्हांला रोजच शब्बाथ."

ती ट्रेमध्ये वाकून बघते. कागद कोरा आहे. अंकल हलवतायत, हलवतायत, काहीच उमटत नाही.

"अंकल, खरं सांगा. रोल संपायचा नाही. काउंटरवर बावीस होते."

"पाहिलंस होय? लबाड!" ते हात पुसतात. पुष्कळ वेळ पुसतात. "मला रडू यायचं गं."

"काय?"

"बापाबरोबर पोर चालत आली की रडूच फुटायचं. कुणाचीही असो. डोळ्यांत पाणी, काच धुरकट, फोकस कुठे लावू? समोर शंभर माणसं. म्हणतील, फोटोग्राफरच रडतोय. त्यापेक्षा रोल संपला म्हटलेलं बरं."

विशाखाला आधी हसू येतं. मग भयंकर वाईट वाटतं. नऊ वर्षं हा माणूस शेजारी उभा राहून रडत होता आणि आपण खिशातला नवा रोल पुढे करत होतो!

लाल दिवा होता तिथे आता ऊन आहे. चार खांबांना पांढरं कापड बांधलंय. त्याखाली नवरा गातोय आणि शेजारच्या वाडीतली म्हैस मध्येच हंबरतेय. पायवाटेच्या पार टोकाला अवीवा उभी आहे, पांढरी साडी, चपला हातात. एका बाजूला आंटी. दुसरी बाजू मोकळी.

विशाखा कॅमेरा उचलते. अंकल तिच्या पाठीशी येऊन थांबतात.

"इथे काय करताय? तिकडे जा ना, तिच्याबरोबर चाला."

"तिथे नाही जाता येत. इथपर्यंतच." ते टाचा उंचावतात. "इथून नीट दिसत नाही गं. तू जरा सरकशील? मला त्यातून बघू दे."

"अंकल, एकदाच चालत येणार ती! आंटी मला सोलून काढतील."

"माझीही ती एकच मुलगी आहे."

विशाखा सरकते. अंकल कॅमेरा डोळ्याला लावतात. अवीवा निघाली. जवळ आली. अगदी जवळ आली.

"दाबा ना, अंकल!"

ते दाबत नाहीत. त्यांचे खांदे हलतायत. अवीवा समोरून जाते, तिची साडी दोघांच्या हाताला लागते, आणि ती कापडाखाली पोचतेसुद्धा.

"दिसली?" विशाखा विचारते.

"दिसली. माझ्या आईसारखी चालते गं!"

"ऊठ, विशाखा! किती झोपशील? तारे दिसले."

दीना आंटी खांदा हलवतायत. तिकडे मेंदीची ताटं मांडतायत, कुणीतरी ढोलकी काढलीय. विशाखा धडपडत उठते, बॅगेचं कुलूप काढते. कॅमेरा जसा ठेवला तसाच आहे. लेन्स कोरडी, पट्टा कोरडा. डोळा टेकवायची रबराची कड तेवढी ओली आहे. ती बोट लावते, बोट जिभेला लावते. खारट.

"पाणी गेलं का गं आत?" आंटी पदर पुढे करतात. "आण, पुसून देते."

"नको आंटी. असू दे."

विशाखा ती ओली कड तशीच डोळ्याला लावते आणि गर्दीत अवीवाला शोधायला लागते.