चाचांचा डूख

नवी सून होऊन मुरुमला आले, तेव्हा मी जलतरंगाच्या वाट्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. हसा खुशाल! माझ्या माहेरच्या खेड्यात जलतरंग कुणी बघितला होता? चिनी मातीच्या वाट्या बैठकीत मांडलेल्या, एकीतही पुरतं पाणी नाही. पहिलीतलं तर हिरवट. म्हटलं, पाहुण्यांपुढं असली शोभा? ते हिरवट पाणी मोरीत ओतलं, वाटी घासली आणि सगळ्या वाट्यांत माठातलं वाळ्याचं पाणी घातलं. वर स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दाराआड बसले. अशी मी गुणाची!

त्या वाट्या जलतरंगवाल्या चाचांच्या. पोटासाठी बांगड्या भरायचे आणि डूख धरायचे आवडीसाठी. एखादी बाई टाकून बोलली, की वर्षभर तिला बांगडी तंगच. सासूबाई एकदा म्हणाल्या, "चाचा, सोडून द्यावं की." चाचा म्हणाले, "माफ करायचं काम अल्लाचं हाय, वैनी. म्या मन्यार हाय."

हिवाळाभर चाचा आणि आणखी चौघं आमच्या अडतीच्या पडवीत मिळून वाजवायचे. होळीच्या आधी शेवटची बैठक, तिला बाहेरचा गवई. निजामाचं राज्य, त्यात पाहुणा हैदराबादचा, म्हणजे गाव ताठ बसायचं. शेवटची भैरवी पाहुण्याचा मान.

आदल्या वर्षी याच गवयानं भर बैठकीत चाचांची पहिली वाटी उचलून पिऊन टाकली होती. मिशा पुसत म्हणाला, "पानी मीठा है, मियाँ. साज कच्चा है." सगळे हसले. चाचाही हसले. ते हसले, की समजावं, लागलंय.

यंदा त्याच वाटीत त्यांनी कारल्याचा रस मिसळला होता. आणि मी तो ओतला!

गवयानं खोड सोडली नाही. येऊन बसला, वाटी उचलली, गटागटा प्यायला. चाचा त्याचं तोंड वाकडं व्हायची वाट बघत होते. तो म्हणाला, "वाह, क्या ठंडा है!" चाचांनी घाईनं काडी मारली. सगळ्या वाट्या नुसत्या ठण ठण. लोक खिदळले, गवई मांडीवर थाप मारून हसला. चाचांनी दाराकडं बघितलं. मी तिथं कौतुकाची वाट बघत उभी!

मग चाचा सावकाश हसले. दुसरी वाटी त्यांनी दोन्ही हातांनी गवयापुढं धरली. "एकीच पिये, साब? नई बहू ने भरे सो पानी है. नक्को बोले तो घर की बेइज्जती."

सासरे आग्रहात कमी कसले? "घ्या, घ्या! सुनेच्या हातचं हाय!"

गवई प्यायला. चाचांनी काडी मारली, कान दिला. "और एक घोट, साब. हां, बस, लगा." की पुढची वाटी. सूर लागेपर्यंत सुटका नाही. तिसऱ्या-चौथ्या वाटीला गवयाचं हसू गेलं, पुढं डोळे पांढरे व्हायला लागले. लोक ओरडत होते, "आणखी एक, खाँसाहेब!" सगळ्यात मोठा आवाज दाराआडून, माझा. मला दया आली नाही. आजही येत नाही.

गवयानं गायला आ केला आणि ढेकर आली. दुसऱ्यांदा आ केला आणि "अभी आया" म्हणत पायजमा सावरत तो कडब्याच्या गंजीमागं पळाला. चाचांनी त्याची वाट बघितली नाही. भैरवी त्यांनी वाजवली; चौघांनी साथ धरली. बाई, काय वाजवली! त्या वाट्यांतून रडूही येतं, हे मला तेव्हा कळलं. गवई परतला तोवर सतरंज्या गुंडाळल्या होत्या.

पुढं निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत चाचा मुरुम सोडून गेले, ते आलेच नाहीत. पण त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायरीशी उभे राहिले. मी पदर सावरत पुढं गेले. चाचा हळूच म्हणाले,

"भिऊ नको, सुनबाई. माझं काम झालं. पन त्यो कारल्याचा रस आमच्या घरवालीनं पहाटं उठून काढला व्हता, आन तू मोरीत वतलास. तिनं तुझं नाव इचारलंय."