कोरडा मोह, ओली मूठ

मुलगी चौथीत होती. पालकसभेत मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, हिच्याकडून स्वतःच्या पाच ओळी लिहून होत नाहीत. व्यापाऱ्याची पोर आहे, आकडे शिकली तरी पुष्कळ. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मी उठलो, बोलू नये ते बोललो आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीला शाळेत पाठवणं बंद केलं. मनात एकच होतं: हिचं एक पान त्यांच्या टेबलावर आपटायचं.

मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेला. चिचगडला एका शेठकडे पोती उचलता उचलता मोहफुलांचा धंदा शिकलो, पुढे स्वतःचं दुकान टाकलं. घरी गणित बायकोने घेतलं, लिहिणं मी. मला एकच काम येतं, माल तपासायचं. तसंच मी शिकवलं.

दुपारी दुकान थंडावलं की ती वही आणायची. विषय दिला, वाळलेला मोह कसा ओळखावा. ज्याने मोह कधी पाहिला नाही, त्यालाही कळलं पाहिजे. तिने लिहिलं, 'मोह हातात घ्यावा.' मी मूठभर घेऊन तसाच उभा राहिलो. म्हटलं, घेतला, आता? ती हसली आणि लिहिलं, 'मूठ दाबावी.' मी दाबली आणि तशीच दाबून ठेवली. मग वाक्य आलं, 'मूठ उघडावी. फुलं सुटी पडली तर कोरडा, गोळा झाला तर ओला.' त्या दिवशी वाटलं, जमलं.

जमलं नव्हतं. एकदा तिने पुस्तकातून उचलून आणलं, 'मोह हा अत्यंत उपयुक्त वृक्ष आहे.' माझं डोकं सटकलं. दुसऱ्याचा माल मला विकते का म्हणून ओरडलो आणि पान फाडलं. बायको आतून म्हणाली, "पोरगी आहे ते. मोह विकाले आलेली बाई नाही, तुम्ही भाव पाडून राहिले तिचा."

मग ती लिहीचना. आठ दिवस वजनकाट्यामागे पोत्यावर पेन्सिल घेऊन नुसती बसून. हंगाम ऐन भरात होता, डोंगराकडच्या बाया मोहाच्या टोपल्या विकायला घेऊन येत होत्या, आणि भाव करताना माझं लक्ष त्या कोऱ्या वहीकडे. रागावून पाहिलं, जिलेबी आणून पाहिली. मुख्याध्यापक खरे ठरतात की काय, या भीतीने जेवण गोड लागेना.

नवव्या दिवशी तिने वही आणून माझ्या गादीवर उघडी ठेवली आणि आत निघून गेली. पानावर हे होतं:

'बाई टोपली ठेवते. बाबा आधी माठातलं पाणी पितात. ओंजळीने पितात. हात पुसत नाहीत. मग मोहाची मूठ भरून दाबतात. मूठ उघडली की फुलं चिकटलेली असतात. बाबा म्हणतात, ओला आहे. बाई आपल्या हाताकडे पाहते. तिचा हात कोरडा असतो.'

मी ते तीनदा वाचलं. माझा शेठ असंच करायचा, ओल्या हाताने कोरडा मोह ओला ठरवून भाव पाडायचा. त्याचं पाहून मी उचललं, आणि ते इतकं अंगवळणी पडलं की बोलून बोलून घसा सुकतो म्हणून पाणी पितो, असं मीच स्वतःला सांगत आलो. देवरीच्या बाजारातल्या मुरलेल्या दलालांना जे कधी दिसलं नाही, ते या एवढ्याशा पोरीने गप्प बसून पाहिलं होतं. आणि कुठे लबाड हा शब्द नाही, बापाला एक बोल नाही. वाचणाऱ्याला सरळ बाईच्या हातापाशी नेऊन सोडलं. एवढं मी शिकवलं नव्हतं; मला ते येतच नाही.

टेबलावर आपटण्याजोगं पान मिळालं होतं, पण ते नेलं तर माझीच अब्रू जात होती. संध्याकाळी मी तिच्याशी सौदा केला. एकच वाक्य काढ म्हटलं, हात पुसत नाहीत तेवढं. बदल्यात सायकल, गोंदियाहून, तिला हवी त्या रंगाची. तिने वही जवळ ओढून पुन्हा वाचली.

"ते काढलं तर मूठ काऊन चिकटली, हे वाचणाऱ्याले नाही समजत. तुम्हीच म्हणता नं बाबा, ज्यानं पाहिलं नाही त्याले समजलं पाहिजे."

मी भाव वाढवला. ती हललीच नाही. सौद्यात मी असा कोणापुढे हरलेलो नाही.

अब्रू जायची तर जाऊ दे म्हटलं आणि पान आहे तसंच घेऊन शाळेत गेलो. आपटलं नाही, समोर ठेवलं. मुख्याध्यापकांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. कोणी सांगून तिच्याकडून लिहवून घेतलं का, हे त्यांनी विचारलं नाही. जे तिथे लिहिलं होतं, ते कोणता बाप सांगून लिहवून घेईल? पालकसभेतल्या बोलण्याबद्दलही ते काही म्हणाले नाहीत, आणि तो राग माझ्या पोटात आजही आहे. पान माझ्याकडे सरकवून एवढंच म्हणाले, "कधीपासून पाठवता तिला?"

मी पान घडी करून खिशात ठेवलं. म्हटलं, तिला विचारून सांगतो.