दहापैकी चार

माझ्या नातीला गावानं गुलाल लावला तो चुकून, आणि शिव्या दिल्या त्या जाणूनबुजून. चुकून झाल्याचं मला काही नाही. दुसऱ्याचं आहे, म्हणून लिहायला बसले.

हर्षाली माझ्या थोरल्याची मुलगी. वय सत्तावीस. सकाळी मंचरला कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवते. दुपारी घरी आली की टीव्हीला ते काळं खोकं जोडते आणि गेम खेळते. शेजारणी म्हणतात, एवढी घोडी झाली तरी खेळते. पण तिचं खेळणं म्हणजे काम आहे. पुण्याच्या एका वेबसाइटसाठी ती नव्या गेमची पारख करून मराठीत लिहिते आणि शेवटी दहापैकी गुण देते. लोक ते बघून गेम घ्यायचा की नाही ते ठरवतात. एकेक गेम वीस-वीस तास खेळते आणि शेवटापर्यंत गेल्याशिवाय आकडा लिहीत नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, भाताचं एक शीत दाबलं की कळतंय." तर मला म्हणते, "आजी, व्यापारी टोमॅटोच्या क्रेटचा नुसता वरचा थर बघतो का? खाली हात घालतोच ना?"

तिचं दुसरं वेड म्हणजे घाट. आमच्याकडे यात्रेत बैलगाडे पळतात, आणि ज्या चढावर पळतात त्याला घाट म्हणायचं. गाड्यावर माणूस बसत नाही. चार बैल सुटतात, पुढे एक घोडीवाला, आणि बघता बघता चढ संपतो. त्या एका धावेला म्हणायचं बारी. बारी किती सेकंदांत बसली ते घड्याळवाला माइकवर सांगतो, आणि ज्याचा आकडा सगळ्यात कमी तो घाटाचा राजा.

तीस वर्षं हे घड्याळ दादाभाऊंच्या हातात होतं. यात्रा कमिटीचे प्रमुख, माझ्या मालकांचे चुलतभाऊ, नात्यानं माझे दीर. माणूस कडक. सख्ख्या भावाची, सोमाजीची, बारी अर्ध्या सेकंदानं मागं पडली तर तिसऱ्या नंबरात टाकली. नऊ वर्षं झाली, सोमाजी त्यांच्याशी बोलत नाही. आता डोळ्यांत मोतीबिंदू आला म्हणून दिवाळीत चारचौघांत म्हणाले, "येत्या यात्रेला घड्याळ हर्षालीच्या हातात." त्या स्टेजवर आजवर बाई चढली नव्हती. पोरगी सहा वर्षांची असल्यापासून त्या स्टेजकडे बघत होती. तिनं घड्याळ विकत आणलं आणि दारात बसून रस्त्यावरच्या दुधाच्या टेम्पोंवर सराव केला. या खांबापासून त्या खांबापर्यंत, टिक. आमच्या दुधवाल्याला वाटलं, सरकारनं पाळत ठेवली.

माघात एका कंपनीनं बैलगाड्याचा गेम काढला. कंपनीची माणसं आधी येऊन आमच्या घाटाचे फोटो घेऊन गेली होती, आणि गेममधल्या पाटीवर आमच्या गावाचं नाव होतं. यात्रेत मोठा पडदा लावून गेम दाखवू, असं दादाभाऊंना सांगून गेली होती. गाव नुसतं तरंगत होतं. आणि त्या गेमला गुण द्यायचे आमच्याच पोरीनं! पारावर म्हातारे म्हणायचे, "घरचंच मीठ हाय, राव."

सहा दिवस खेळली आणि चार लिहिले.

पप्पू म्हणून दादाभाऊंचा पुतण्या. त्यानं मोबाइलवर बघून पारावरच ओरडून सांगितलं, "आला! हर्षालीचा आकडा आला! चार!"

दादाभाऊ ताडकन उठले. "चार? आरं, घाटात अकराच्या खाली कुनी उतरलं न्हाई आजवर, आन आपला गेम चारात बसला!"

घाटात जन्म गेलेल्या माणसाला आकडा जेवढा खाली तेवढा मोठा. दहापैकी म्हणजे काय, कशापैकी काय, विचारतोय कोण? हलगी आली. मंचरहून फ्लेक्स छापून आला, त्यावर माणसाएवढा चारचा आकडा आणि खाली सगळ्या कमिटीचे फोटो. कॉलेजच्या पोरांना खरं माहीत होतं, पण बोलली नाहीत. फुकटचा गुलाल कोण सोडतो? हर्षाली स्कूटीवरून वेशीत आली, तिला वाटलं कोणी निवडणूक जिंकलं. लोकांनी गाडीवरून उतरवून तिला फेटा बांधला. ती आपली दादाभाऊंपुढं हात जोडून सांगतेय, "आबा, ऐका तरी, आबा," आणि हलगीपुढं तिचं ऐकतो कोण? मीही त्यात नाचले. लाज कशाला वाटावी, नात माझी होती.

संध्याकाळी कंपनीच्या माणसाचा दादाभाऊंना फोन आला. चार म्हणजे काय ते त्यानं नीट समजावून सांगितलं. सकाळी फ्लेक्स नव्हता. नुसते बांबू होते.

आणि मग दादाभाऊ आणि पप्पू आमच्या ओट्यावर आले.

"सात कर," दादाभाऊ बसायच्या आत म्हणाले.

हर्षाली म्हणाली, "आबा, चाराचे सात होत नाहीत."

"का व्हत न्हाईत? बटनं दाबायची तर हायेत."

पप्पू म्हणाला, "गावाच्या नावाचा गेम हाय, हर्षाताई. जरा गावाकडं बघ."

"गावाचं नाव आहे म्हणून तर दोनदा खेळले."

"कंपनी पडदा न्हाई आननार म्हनते," दादाभाऊ म्हणाले. "सात केलं न्हाई तर घड्याळ इसर. आत्ताच सांगतो."

पोरीचा चेहरा उतरलेला मी बघितला. मग ती सावकाश म्हणाली, "सोमाजीकाकांच्या अर्ध्या सेकंदाचं तुम्ही काय केलं होतं?"

दादाभाऊ रस्त्याकडं बघायला लागले.

"तुम्ही गेम खेळलात का, आबा?"

"मला जमतंय व्हय ते?"

"बसा. मी खेळते, तुम्ही बघा."

आत येऊन, टोपी मांडीवर ठेवून दादाभाऊ टीव्हीपुढं बसले. आधी घुंगरांचा आवाज आला. त्यांनी मान हलवली. धूळ उडाली, तसे पुढं सरकले. "बैल झ्याक काढलाय, राव. डोळं बघ." आणि मग गाडा सुटला. गाड्यावर माणूस उभा. घोडीवाला नाही. घाट नाही, विमानतळासारखं सपाट मैदान. आणि हर्षालीनं एक बटण दाबलं, तसा त्या माणसानं बैलाच्या पाठीवर चाबूक ओढला. बैल जोरात पळाला. पुन्हा बटण, पुन्हा चाबूक. जितकं मारावं तितके जास्त गुण.

दादाभाऊंनी मांडीवरची टोपी मुठीत चुरगाळली. ज्या चाबकापायी कोर्टानं कित्येक वर्षं घाट बंद ठेवला, ज्या वर्षांत दावणीला बैल उभे राहून राहून म्हातारे झाले, तो चाबूक आमच्या गावाच्या पाटीखाली चालला होता.

"बंद कर," ते म्हणाले. "बंद कर ते! यांच्या मायला! शून्य दे याला."

"शून्य नाही, आबा."

"आगं बघितलंस ना? आमी बैलाला पोटच्या पोरावानी सांभाळतो आन ह्यो भाड्या चाबूक मारतोय! शून्य कर आत्ताच्या आत्ता!"

"चाबकाचं मी पहिल्याच ओळीत लिहिलंय. घाटाचं, घोडीचं, सगळं लिहिलंय. कुणी वाचलं का? तुम्ही नाही, कंपनीनं नाही. सगळ्यांनी खालचा आकडा तेवढा बघितला." आता तिचाही आवाज चढला. "पण त्या बैलाच्या डोळ्यांवर कुणीतरी जीव लावून काम केलंय. घुंगरांचा आवाज खरा आहे, धूळ खरी आहे. तुम्हीच आत्ता झ्याक म्हणालात. त्याचे चार. ते मी कसे काढून घेऊ?"

"म्हंजी सात बी न्हाई आन शून्य बी न्हाई?"

"नाही."

"लई शिकलीस," दादाभाऊ उठले. "घड्याळ पप्पूकडं."

मी म्हटलं, "भावजी, जी पोर तुमच्या रागानं आकडा वर नेईना आन खाली बी आनंना, तिच्याच हातात घड्याळ शोभतंय की!"

"वैनी, तुमी मधी बोलू नका."

एवढ्यावर राहिलं असतं तर गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी देवळाच्या माइकवरून सांगितलं, हर्षालीचा यात्रेशी काही संबंध नाही, तिनं गावाला बट्टा लावला. मग काय, मोकळं रानच. पोरगी स्कूटीवरून निघाली की पोरं बोटं दाखवायची, चार बोटं. कोणी तिच्या आईला, अंजनाला, डेअरीवर म्हणालं, लेकीचं लग्न करा, टीव्ही विका. इतकी वर्षं मी दादाभाऊला अहो-जाहो केलं. इथून पुढं लिहिताना हात तसा वळत नाही.

चैत्रात यात्रा आली. हर्षाली घरातच बसली. घाट आमच्या घरापासून हाकेवर, माइक स्पष्ट ऐकू येतो. पहिली बारी झाली. पप्पू म्हणाला, "अकरा सेकंद!" दुसरी, "अकरा सेकंद!" पप्पू पोरगा वाईट नाही, पण भित्रा. गाडामालक मिश्या पिळून स्टेजखाली उभे राहायचे आणि याचा अंगठा घड्याळावर आपोआप लवकर पडायचा. सातव्या अकराला हर्षाली हसली. दहाव्याला उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून रडल्याचं ऐकू आलं. तिला आकडा खोटा ऐकवत नव्हता, आणि तो खरा सांगायला तिला कोणी उभं करत नव्हतं.

मी घाटावर गेले. दुपारपर्यंत एकोणीस गाडे पहिल्यात! घाटाचे एकोणीस राजे! बक्षिसाची ढाल एक. कोणाच्या तोंडावर आनंद नाही, जो तो दुसऱ्याकडं संशयानं बघतोय. तेवढ्यात अवसरीचे गेणभाऊ स्टेजवर चढले. त्यांचे बैल अर्ध्या वाटेत थांबून मागं वळले होते, अख्ख्या घाटानं बघितलं होतं.

"मला किती दिलंस रं?" त्यांनी पप्पूला विचारलं.

"अकरा, भाऊ. पहिल्यात हाय तुमी."

"माझी बैलं पानी प्यायला मागं फिरली व्हती, मुडद्या!" आणि त्यांनी माइक हिसकावला. "खोट्या आकड्याची ढाल घरी नेऊन मी बैलांना काय त्वांड दाखवू? ती गेमवाली पोर कुठं हाय? सगळं गाव अंगावर आलं तरी तिनं आकडा हलवला न्हाई म्हनं. पुढच्या साली घड्याळ तिच्या हातात असंल तर आमी गाडा आनू. न्हाईतर राम राम."

त्यांच्यामागून एकेक गाडामालक बैल घेऊन निघाला. ढाल तशीच टेबलावर राहिली. दादाभाऊ खुर्चीत बसून जमिनीकडं बघत होता.

तिसऱ्या दिवशी तो आमच्या ओट्यावर आला. मी पाणी दिलं. चहा नाही. आमच्याकडे दारी आलेल्याला चहा न देणं म्हणजे काय, ते त्याला कळतं.

"हर्षाली," तो म्हणाला, "पुढच्या साली घड्याळ तू घे. गाडामालक म्हनत्यात."

"गाडामालकांचं कळलं," ती म्हणाली. "तुमचं काय?"

तो पाण्याचा तांब्या नुसता फिरवत बसला. मग ती म्हणाली, "आबा, मला काढलं ते तुम्ही माइकवर. इथं ओट्यावर दिलेलं मी घेणार नाही."

तो उठून गेला. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाचा माइक खरखरला. "ऐका हो. पुढच्या यात्रेला घड्याळ हर्षालीकडं. आन त्या गेमला तिनं दिलेलं चार, चारच हायेत. मी सोता बघितलंय. कुनी तिला बोटं दाखवली तर गाठ माझ्याशी हाय."

एवढं सगळं बोलला. "माझं चुकलं" हे दोन शब्द मात्र त्याच्या तोंडून निघाले नाहीत. हर्षाली म्हणते, असू दे आजी. तिचं असू दे. माझं नाही.