सुनेनं उकळायला सांगितलं होतं

गोठ्याच्या दारात कपाटाएवढं एक मशीन आहे. कार्ड लावायचं, बाटली नळाखाली धरायची, दूध येतं. नळाच्या वर कागद चिकटवलाय. अक्षरं डच, मला त्यातलं एकही लागत नाही. पण खाली पातेलं काढलंय, पातेल्याखाली जाळ, वर वाफेच्या तीन रेघा. ते चित्र मला कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं. हे आधी लिहितो, कारण नंतर सगळे मला सांभाळून घेत म्हणायला लागले, "बाबांना भाषा येत नाही ना." भाषेचा काही संबंध नव्हता.

मी इथं आलो तेव्हा आमची ही जाऊन सात महिने झाले होते. मुलगा म्हणाला, एकटे राहू नका, तीन महिने तरी या. तो बेस्ट नावाच्या छोट्या गावात राहतो, कामाला जवळच्या आइंडहोवेन शहरात जातो, कुठल्याशा मशीनच्या कंपनीत. सून घरूनच नोकरी करते, दार लावून दिवसभर कॉम्प्युटरशी बोलत असते. नात चार वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमधून नाहीतर इंग्रजीतून. बुधवारी इथल्या शाळा दुपारीच सुटतात. तिला आणायचं काम माझ्याकडे आलं. शाळेपासून तो गोठा चालत पंधरा मिनिटं.

मी जन्मभर दुधाचा माणूस. घरी म्हशी, गाई, दोन वेळा धार, मग सायकलला किटल्या लावून रतीब. चौथीतून शाळा सुटली ती त्यापायीच. इथं दूध पुठ्ठ्याच्या डब्यातून येतं आणि फ्रिजमधून काढून तसंच गार पितात. नात अर्धं पिऊन सोडायची. हातपाय काड्यांसारखे. मी सुनेला म्हटलं, "हे दूध नाही, पातेल्याचं धुवण आहे."

ती हसली. "मग गोठ्यातलं आणा बाबा. पण उकळून घ्या हं."

"चाळीस वर्षं धारा काढल्यात मी. मला शिकवतेस?"

"शिकवत नाही हो, सांगतेय."

"बरं."

आणि उकळायचो की. चहाचं, दह्याचं दूध मीच तापवून ठेवायचो. ओट्यावर सायीचं पातेलं दिसलं की तिला वाटायचं, झालं, बाबांनी सगळं उकळलं. नातीचं दूध वेगळं होतं. गोठ्याजवळ बाक आहे. तिथं बसायचं, गार बाटली थोडा वेळ जाकिटाच्या आत धरायची, आणि पिशवीतल्या फुलपात्रात दूध ओतून तिच्या हातात द्यायचं. धारोष्ण नव्हतं, पण कच्चं तरी होतं. लहान पोराच्या अंगी कच्चं दूधच लागतं, असं मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत आलोय. माझी दोन्ही पोरं त्याच्यावरच वाढली, कधी दवाखाना माहीत नाही, असंही सांगायचो.

"आईला सांगायचं नाही," मी नातीला म्हटलं.

तिनं डचमध्ये विचारलं, का?

"ती उकळून त्यातला जीव घालवते."

हे तिला फार आवडलं. ओठांवर पांढरी मिशी घेऊन ती कुंपणापलीकडच्या गाईंकडे बघून हंबरायची. रिकामं फुलपात्र पुढं करून म्हणायची, "आबा, more." मी पुन्हा ओतायचो.

तीन बुधवार काही झालं नाही. चौथ्या बुधवारनंतर शनिवारी तिचं पोट दुखायला लागलं. रविवारी जुलाब. सोमवारी जुलाबात रक्त दिसलं. मुलानं घरच्या डॉक्टरला फोन केला, त्याला इथं हाउसआर्ट्स म्हणतात. त्यांनी बोलावून घेतलं, पोट दाबून बघितलं, तपासायला शौचाचा नमुना मागितला. डॉक्टरनं विचारलं, काय काय खाल्लं होतं? सून आठवून आठवून सांगत होती. शाळेतल्या वाढदिवसाचा केक. स्ट्रॉबेरी. बागेतली वाळू तोंडात घातली असेल. मी कानटोपी हातात घेऊन शेजारी बसलो होतो. मुलगा वळला.

"बाबा, तुमच्याबरोबर बाहेर काही खाल्लं का हिनं?"

"नाही."

खाल्लं नव्हतंच, प्यायली होती. मी मनाशी तसंच म्हटलं. लाज वाटत नव्हती तेव्हा. भीती वाटत होती. दूध गाळल्यावर फडक्यावर काय राहतं ते मी जन्मभर बघितलंय. कास कितीही धुवा, जनावर शेपटी मारतं, शेणाचा कण उडतोच. फडकं झटकायचं आणि पुढच्या किटलीवर लावायचं. त्या कणाबरोबर आणखी काय जात असेल, हा विचार मी कधी केला नाही. डॉक्टरच्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा केला.

मंगळवारी जुलाब कमी झाले. सुनेनं मऊ भात केला, पोरीनं दोन घास खाल्ले. मला वाटलं, सुटलो. आता सांगायचं काही कारण नाही.

बुधवारी ती उठलीच नाही. सोफ्यावर पडून होती. चेहरा मेणासारखा, डोळ्यांखाली फुगलेलं. सून म्हणाली, "हिनं सकाळपासून शू केली नाही."

मुलगा म्हणाला, "काल संध्याकाळी केली होती ना?"

"मला वाटलं तू नेलंस."

"मी नाही नेलं."

लंगोट सुटलेलं पोर, कोण मोजतंय. सुनेनं तिला कमोडवर बसवलं, नळ सोडला, पाण्याचा आवाज केला. "कर ना गं. थोडीशी." काही आलं नाही. पोरगी बसल्या बसल्या मान टाकायला लागली.

जनावराची लघवी अडली तर मी दिवस काढत नसे, तडक डॉक्टरला आणायचो. संडासाच्या दारात उभा राहून म्हणालो, "दूध कच्चं होतं."

"कुठलं दूध?" सुनेनं विचारलं.

"गोठ्यातलं. दर बुधवारी. फुलपात्रभर, कधी दोन."

"उकळलेलं नव्हतं?"

"नव्हतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पोरीला उचललं आणि बूट घालायला लागली. पाय चुकीच्या बुटात जात होता, तरी ढकलतच होती.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई मुलगीच वाटावी एवढी तरुण होती. तिनं दुधाचं ऐकलं आणि लिहायची थांबली. किती, कधी, हे पुन्हा विचारलं. मुलानं मग मला मराठीत समजावलं. गाईच्या शेणातले जंतू. गाईला काही होत नाही, मोठ्या माणसाला एक वेळ निभावतं. लहान पोराच्या आतड्यात ते विष सोडतात, विष रक्तात जातं आणि किडन्या बंद पडतात. हिच्या दोन्ही बंद पडल्यात.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. मुलगा म्हणाला, "कशासाठी, बाबा?"

"तुम्ही दोघं त्याच्यावरच वाढलात."

"कोण वाढलं?"

"तू. तुझी ताई. मी स्वतः फुलपात्रं भरून ठेवायचो."

"भरून ठेवायचात आणि रतीबाला जायचात. तुमची सायकल वळली की आई ते परत पातेल्यात ओतायची. उकळायची, मग द्यायची. रोज. आम्हाला बजावलं होतं, बाबांना सांगायचं नाही, उगाच डोकं फिरेल."

"खोटं बोलतोस."

"ताईला फोन लावू?"

मी नको म्हटलं. तो खोटं बोलत नव्हता. आमच्या हिचा पाठचा भाऊ लहानपणी जुलाबानं गेला होता, रक्त पडून. लग्नात कोणीतरी सांगितलं होतं. मी तिला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. माझ्या घरात वर्षानुवर्षं रोज सकाळी माझ्या पाठीमागं दूध उकळत होतं आणि मी बाहेर जाऊन फुशारक्या मारत होतो. आता तिला विचारायची सोय नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, तुम्ही ऐकणारे होता का?

किडन्यांचं काम करायला पोरीच्या पोटात नळी घातली. तिथून पाणी आत सोडायचे, रक्तातली घाण त्यात उतरली की बाहेर काढायचे, पुन्हा सोडायचे. रक्त चढवलं. दोनदा आकडी आली. घरात दुसरा विषय नव्हता, आज लघवी झाली का? रोज नर्स मान हलवायची, नाही. अकराव्या दिवशी दुपारी तिनं एक छोटं भांडं आणून दाखवलं. तळाला अठरा मिली. माझा मुलगा इंजिनियर, भिंतीकडे तोंड करून रडला. सुनेनं ते भांडं परत देईपर्यंत दोन्ही हातांनी धरलं होतं.

पोरगी घरी आली आहे. सगळे म्हणतात वाचली. डॉक्टरीणबाई तसं म्हणत नाही. ती म्हणते, बघू. किडन्या किती परत आल्या ते पुढची काही वर्षं बघायचं. मीठ बंद, रोज गोळी, रोज सकाळी ब्लड प्रेशर. तिच्या दंडाएवढा पट्टा मिळालाय, त्यावर अस्वल काढलंय. आकडा जास्त आला तर लगेच हॉस्पिटलला फोन करायचा.

सून माझ्याशी बोलते. जेवायला वाढते. पोरीला माझ्याजवळ एकटं सोडत नाही, आणि बरोबर करते.

परवा माझं विमान आहे. आज सकाळी मी बॅग भरत होतो, आत पट्टा फुगल्याचा आवाज आला. मग सुटल्याचा. पुन्हा फुगला. मी दारात गेलो. पोरगी दंड पुढं करून शहाण्यासारखी बसली होती. सुनेची नजर आकड्यावर होती.

"किती?" मी विचारलं.

"बाबा, तुम्ही जरा बाहेर थांबा. बोललं की हिचं वाढतं."

मी बाहेर आलो, दार ओढून घेतलं. तिसऱ्यांदा पट्टा फुगला. सुटला. मग सून फोनवर डचमध्ये बोलायला लागली, हळू, एकेक आकडा सुटा सुटा सांगत.