रांगेतली बातमी

आमच्या भावकीत कोणी गेलं की रडारडीच्या आधी रुसवेफुगवे सुरू व्हायचे. बोरीवलीवाल्यांना सकाळी कळवलं, मग मुलुंडवाल्यांना दुपारी का? घाटकोपरच्यांना शेजाऱ्यांकडून का कळावं? एका बाराव्याला तर दोघेजण भरल्या पानावरून उठून गेले. शेवटी भावकीच्या मंडळाने ठराव केला की यापुढे कोणी कोणाला फोन करायचा नाही. बातमी मंडळाच्या वेबसाइटवर लिहायची, ती सगळ्यांना मेसेजने एकदम जाईल. वेबसाइट करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाबा मंडळाचे चिटणीस आणि कॉम्प्युटर शिकलेली मी.

बातमी लिहून बटण दाबलं की लगेच ‘संदेश पाठवला’ अशी हिरवी पट्टी यायची. खरं तर तेव्हा काहीच गेलेलं नसायचं. मेसेज फक्त रांगेत लागायचा. मागे एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला आम्ही वर्कर म्हणतो. तो रांगेतून एकेक मेसेज उचलायचा आणि घरोघरी पाठवायचा. लिहिणाऱ्याला स्क्रीनसमोर ताटकळत बसावं लागू नये म्हणून सगळे असंच करतात. ‘रांगेत लावला’ म्हटलं तर म्हातारी माणसं गोंधळतील, म्हणून ‘पाठवला’ हा शब्द मीच घातला होता.

त्या वर्षी हरतालिकेला, म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी, मी अंधेरीच्या ऑफिसात होते. अकराच्या सुमारास सहज रांग उघडून बघितली. वर्कर आदल्या संध्याकाळपासून बंद पडलेला. शुभेच्छा भराभर जाव्यात म्हणून मीच त्यात खुडबुड केली होती. रांगेत सगळ्यात पुढे गणेशोत्सवाच्या शुभेच्छा, मग आरत्यांचं वेळापत्रक, मग महाप्रसादाचं आमंत्रण, आणि त्यांच्या मागे सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांचा एक मेसेज. कांदिवलीचे काका पहाटे गेले. दुपारी दोन वाजता नेणार.

काका म्हणजे बाबांचे चुलत भाऊ. दोघे गावाहून एकाच एसटीने आले, एकाच गिरणीत लागले आणि लग्नं होईपर्यंत एकाच खोलीत राहिले. मेसेज काकांच्या एकुलत्या एका मुलाने लिहिला होता. घरात आता तो एकटाच उरला होता. नियमाप्रमाणे त्याने कोणालाही फोन केला नसणार. हिरवी पट्टी बघितली असणार आणि माणसांची वाट बघत बसला असणार.

बिघाड किरकोळ होता, एका ओळीचा. पाच मिनिटांत मी तो दुरुस्त केला. आता फक्त वर्कर चालू करायचा होता, आणि तेच मला जमेना.

भावकीत कोणी गेलं की दहा दिवस सुतक, आणि सुतकात गणपती बसत नाही. पण सुतक लागतं ते कळल्यावर. कळलं नाही तोवर लागत नाही, म्हणून तर आमच्याकडे चतुर्थीच्या तोंडावर गावचा फोन उचलायलाही लोक बिचकतात. चाळीसेक घरांत मखरं उभी होती. आमचा गणपती दीड दिवसाचा. परवा संध्याकाळपर्यंत ही बातमी रांगेत पडून राहिली असती, तर सगळ्यांचे सण पार पडले असते. आणि ती पडून आहे हे फक्त मला माहीत होतं.

मी घरी फोन लावला. बाबांचा आवाज ऐकला की काय ते ठरवता येईल असं वाटलं. बाबा खुशीत होते, मूर्ती आणायला निघाले होते. म्हणाले, उद्या आरतीला काकाला रिक्षाने घेऊन येतो, जिने चढवत नसतील तर खुर्चीवर बसवून वर आणू. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

मग मी नुसती टाळाटाळ केली आणि तिला टेस्टिंग असं नाव दिलं. जी ओळ दुरुस्त झाली होती ती पुन्हा पुन्हा तपासली. बारा वाजले, एक वाजला. डबा उघडलाच नाही. बाबांचं मन मोडवत नाही म्हणून थांबलेय, असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. चाळीस घरांचा सण माझ्या हातून मोडला असता आणि पुढे जन्मभर कोणी ना कोणी ऐकवलं असतं, दोन दिवस कळ काढता आली नाही का हिला.

दोन वाजून पाच मिनिटांनी माझ्या डोळ्यांदेखत रांगेत नवा मेसेज येऊन लागला. त्याच मुलाचा. ‘अजून थोडा वेळ थांबतो. कोणी येणार असेल तर कळवा.’

मी वर्कर चालू केला. तो इमानेइतबारे कामाला लागला, अगदी पहिल्यापासून. आधी शुभेच्छा, चाळीस घरं, घरटी चार-पाच फोन. मग वेळापत्रक. मिनिटाला ठरावीकच मेसेज जायचे, आणि मागच्याला पुढे काढायची सोय मी ठेवलीच नव्हती. सगळ्यांना सारखं, हाच तर मंडळाचा नियम होता. बाबांना फोन करून सांगता आलं असतं. केला नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, तुला कधी कळलं. महाप्रसादाचं आमंत्रण घरोघरी जात होतं आणि मी स्क्रीनकडे बघत स्वतःला शिव्या घालत होते. काकांची बातमी गेली तेव्हा तीन वाजायला आले होते.

बाबा पायात चपला अडकवून तसेच धावले. स्मशानात पोचले तेव्हा अग्नी दिलेला होता.

संध्याकाळी मी घरी आले तर मूर्ती कोपऱ्यात कपड्याखाली झाकून ठेवलेली. शेजारचे ती त्यांच्याकडे बसवणार होते. बाबा आंघोळ करून बसले होते आणि आईला सांगत होते, चूक माझीच, मेसेज नऊ दहाचा आहे, मी फोनच बघितला नाही. मेसेजवर लिहिल्याची वेळ पडायची, पोचल्याची नाही. काकांच्या मुलाची त्यांनी माफी मागितली होती. तो नुसतं असू द्या म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला. खांदा द्यायला बिल्डिंगमधले चौघे होते, भावकीतलं एक माणूस नव्हतं.

मी सगळं सांगून टाकलं, अकरा वाजल्यापासूनचं. पोरीने आपल्याच काळजीने केलं, असं आई म्हणायला लागली तेव्हा बाबांनी तिला हातानेच थांबवलं.

“जायचं का गणपती बसवायचा, ते मी ठरवलं असतं ना गं,” ते म्हणाले. मग काकांच्या मुलाचा नंबर काढून स्वतःचा फोन माझ्यापुढे सरकवला. “त्याला सांग. त्याला वाटतंय आम्हाला कळलं आणि आम्ही आलो नाही.”

मी फोन लावला. तो शिव्या देणार हे धरूनच चालले होते. एका दमात सगळं सांगितलं, रांग, वर्कर, हिरवी पट्टी, माझं तीन तास गप्प बसणं.

“म्हणजे कोणाला कळलंच नव्हतं?” त्याने विचारलं.

नाही, मी म्हटलं.

“तुझ्या बाबांनाही नाही?”

“नाही रे. फक्त मला.”

पलीकडे तो ढसाढसा रडायला लागला. बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला, कानाला लावला आणि तसेच चपला पायात अडकवायला लागले.